तालुक्याच्या कोठडीला वाली कोण?

तुरुंग म्हणजे काय हे ठरवताना 1894 च्या तुरुंग कायद्याने काही जागा मुद्दाम बाहेर ठेवल्या. जिथे माणूस केवळ पोलिसांच्या ताब्यात असतो ती कोठडी ही एक. सरकारने दुय्यम कारागृह म्हणून जाहीर केलेली जागा ही दुसरी. इंग्रजांच्या कारभाराला ही वाटणी सोयीची होती. मोठे तुरुंग एका खात्याकडे गेले, तालुक्याच्या गावातल्या कोठड्या पोलीस आणि महसूल खात्याकडे राहिल्या. या सोयीची किंमत मात्र पुढच्या सव्वाशे वर्षांत मोजावी लागली. तुरुंग सुधारणेच्या नावाने जे काही घडले, समित्या बसल्या, नियमपुस्तिका निघाल्या, अभ्यागत मंडळे नेमली गेली, ते बहुतेक सगळे मोठ्या भिंतींच्या आतच थांबले. ठाणे जिल्ह्याचेच पाहा. खाडीकाठच्या जुन्या किल्ल्यात वसलेल्या ठाणे मध्यवर्ती कारागृहाला अधीक्षक आहे, डॉक्टर आहे, न्यायाधीशांनी आणि अशासकीय अभ्यागतांनी भेटी द्याव्यात असे नियम आहेत. तिथून पन्नासेक किलोमीटरवर शहापूरच्या पोलीस ठाण्यात गजाआड बसलेल्या माणसासाठी यातले जवळपास काहीच नाही. राज्याने माणसाला जिथे जिथे कुलपाआड ठेवले आहे ती प्रत्येक जागा एकाच स्वतंत्र तपासणीखाली यायला हवी, आणि त्या कुलपाची किल्ली ज्याच्या हाती दिली जाते त्याचे त्या कामापुरते वेगळे प्रशिक्षण झालेले असायला हवे, असे माझे ठाम मत आहे. याची सुरुवातही शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांतूनच झाली पाहिजे, कारण पोकळी तिथे सर्वांत मोठी आहे.

शहापूर तालुक्यात शहापूर, वासिंद, किन्हवली, कसारा आणि मुरबाड तालुक्यात मुरबाड, टोकावडे अशी ठाणे ग्रामीण पोलिसांची ठाणी आहेत. माळशेजच्या पायथ्यापासून कसारा घाटापर्यंतचा हा मुलूख. हद्दी लांबच लांब, पाडे विखुरलेले. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करायचे, हे राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदाचे बंधन आहे. न्यायालयाने ‘पीसीआर’, म्हणजे पोलीस कोठडी, दिली तर आरोपी पुन्हा ठाण्याच्या कोठडीत येतो. ‘एमसीआर’, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाली तर त्याची रवानगी सहसा कल्याणच्या आधारवाडीला किंवा ठाण्याला होते. एवढा प्रवास या भागातल्या वकिलाला आणि पोलिसाला पाठ असतो. डोळखांब किंवा धसईकडच्या घरच्यांना मात्र तो एकेक दिवसाची मजुरी बुडवून समजून घ्यावा लागतो. एसटीने कल्याण गाठायचे, तिथून आधारवाडी, मुलाकातीसाठी नाव लावायचे आणि संध्याकाळची गाडी पकडून परतायचे. पकडलेला माणूस कातकरी असेल आणि कुटुंब वीटभट्टीवर दुसऱ्या तालुक्यात गेलेले असेल, तर अटकेची खबर तरी कुणाला द्यायची इथूनच अडचण सुरू होते. नातेवाइकाला कळवलेच पाहिजे, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही असलीच पाहिजे, कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात 18 डिसेंबर 1996 रोजी बजावले. हे पाळले की नाही, हे तालुक्याच्या पातळीवर पाहणारे बाहेरचे डोळे आजही नेमलेले नाहीत.

कोठडीतले दिवस थोडे असतात, म्हणून तो प्रश्न लहान, असा एक समज आहे. आकडे तसे सांगत नाहीत. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 1 एप्रिल 2017 ते 31 मार्च 2022 या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीतील मृत्यूची 669 प्रकरणे नोंदली गेली. त्यांपैकी 80 गुजरातमधली आणि 76 महाराष्ट्रातली. लोकसंख्येने कितीतरी मोठा उत्तर प्रदेश 41 वर होता. नोंद ठेवण्याच्या पद्धतीत राज्याराज्यांत फरक असेल, हे मान्य करूनही महाराष्ट्राने या आकड्याकडे पाठ फिरवणे शक्य नाही. याच्या जोडीला कारागृहांची स्थिती पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 जण कच्चे कैदी होते. महाराष्ट्रात त्यांची संख्या 32,883, म्हणजे राज्यातल्या दर दहा कैद्यांमागे जवळपास आठ. कल्याणच्या आधारवाडी कारागृहाची क्षमता 540. तिथे कैद्यांची संख्या तिपटीच्या पुढे गेल्याचे वारंवार समोर आले आहे. मोठे तुरुंग असे ओसंडत असताना माणूस कोठडीतून कोणत्या अवस्थेत बाहेर पडतो याला अधिकच महत्त्व येते, कारण पुढे गर्दीच्या बराकीत त्याच्याकडे स्वतंत्रपणे पाहायला कुणाला सवड मिळेल याची खात्री नसते.

आता त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत नेमके काय घडू शकते ते जवळून पाहू. या पट्ट्यात दारूच्या नशेत झालेल्या मारामाऱ्यांतून अटक होणे नवे नाही. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अटकेमुळे एकदम तुटते. सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होणे, अंग थरथरणे, ताप चढणे, नसलेल्या वस्तू दिसणे अशी अवस्था येऊ शकते, आणि उपचार मिळाले नाहीत तर ती जिवावर बेतते. हा काळ आणि पीसीआरचा काळ नेमका एकच असतो. रात्री अडीच वाजता आरोपी भिंतीला धरून बडबडू लागला, तर दारावर बसलेल्या शिपायाने काय समजायचे? शिकवलेले नसेल तर तो एकच अर्थ लावेल: नाटक करतोय. तीच गत सिकलसेलची. ठाणे-पालघरच्या आदिवासी वस्त्यांत हा आजार आहे. पाणी कमी पडले, थंडी लागली, अंग शिणले की रुग्णाच्या हाडांत आणि पोटात जीवघेण्या कळा उठतात. उघड्या फरशीवर पांघरुणाविना काढलेली एक हिवाळी रात्र त्याला पुरते. त्याच्या घरी सिकलसेलचे कार्ड असेलही, पण अटक होताना कार्ड घेऊन कोण येतो? आत घेताना विचारायचे पाच-सहा प्रश्न ठरलेले असतील, म्हणजे रोज पितोस का, शेवटची कधी घेतलीस, फिट येते का, कुठली गोळी चालू आहे, घरात कुणाला सिकलसेल आहे का, जीव द्यावासा वाटतो का, आणि उत्तरे लिहून घ्यायची सक्ती असेल, तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात वेळेवर पोहोचणाऱ्यांची संख्या वाढेल. ‘मेडिकल करून आणणे’ हे आज बहुतांशी अंगावर जखम आहे की नाही एवढे पाहण्यापुरते राहते. वरचे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत, तर घाईत असलेल्या डॉक्टरलाही ते सुचत नाहीत.

पोलीस शिपायाचे मूळ प्रशिक्षण कायदा, कवायत, शस्त्र आणि बंदोबस्त यांच्याभोवती रचलेले असते. तपास, गर्दी, अपघात, सण-उत्सव ही त्याची कामे, आणि त्यांसाठी ते योग्यही आहे. लॉकअप गार्डची पाळी मात्र ज्याच्या वाट्याला येईल त्याच्याकडे जाते. काल मोर्चाच्या बंदोबस्ताला असलेला शिपाई आज रात्री चार माणसांच्या जिवाचा जिम्मेदार होतो. त्यासाठी वेगळी पात्रता नाही, परीक्षा नाही, ठरावीक वर्षांनी उजळणी नाही. कारागृह खात्याकडे निदान स्वतःचा सेवावर्ग आहे आणि येरवड्याला दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आहे. न्यायमूर्ती ए. एन. मुल्ला यांच्या समितीने 1983 साली दिलेल्या अहवालात तुरुंगाचे काम हे प्रशिक्षित सेवावर्गाचे स्वतंत्र काम आहे, हे सविस्तर मांडले होते. चाळीस वर्षांनंतर तो विचार कारागृह खात्यात अर्धामुर्धा तरी उतरला आहे. पोलीस कोठडीच्या दारापर्यंत तो आलेलाच नाही.

दरम्यान कायद्याने पहारेकऱ्याकडून ठेवलेली अपेक्षा वाढली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 187 व्या कलमाने पोलीस कोठडीचे 15 दिवस पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्याने घेण्याची मुभा दिली. त्यामुळे कारागृहात गेलेला माणूस पुन्हा ठाण्याच्या कोठडीत येऊ शकतो, पुन्हा परत जाऊ शकतो. या प्रत्येक अदलाबदलीत त्याची प्रकृती, त्याची औषधे, त्याच्या अंगावरच्या खुणा यांची नोंद एका हातातून दुसऱ्या हातात जायला हवी. त्याच संहितेचे 479 वे कलम कारागृह अधीक्षकावर स्पष्ट जबाबदारी टाकते: पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याच्या सुटकेसाठी अधीक्षकाने स्वतः न्यायालयाकडे अर्ज करायचा. जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे यातून वगळले आहेत, एकापेक्षा जास्त खटले असतील तर वेगळा नियम आहे. हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले. मुरबाडच्या एखाद्या मजुराची सुटका आता आधारवाडीच्या कार्यालयातला कारकून तारखा नीट मोजतो की नाही यावर अवलंबून आहे. त्याला ते मोजायला शिकवणे हासुद्धा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

देखरेखीच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते, आणि त्याची कहाणी महाराष्ट्रातूनच सुरू होते. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या कोठड्यांत महिलांना होणाऱ्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर 15 फेब्रुवारी 1983 रोजी न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने निकाल दिला. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला शिपायांचा पहारा, अटक होताच विधी साहाय्य समितीला खबर, आणि मुंबई शहरातल्या पोलीस कोठड्यांना सत्र न्यायाधीशांनी अचानक भेटी देणे, असे आदेश त्यात होते. अचानक भेटींचा आदेश जिल्ह्याच्या मुख्यालयातील कोठड्यांनाही लागू केला गेला. ते काम त्या जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांचे. तालुक्याच्या गावचा उल्लेख त्यात आला नाही. ठाणे शहरातली कोठडी कक्षेत आली, शहापूर-मुरबाडच्या कोठड्या राहून गेल्या. पुढे 24 जुलै 2015 रोजी डी. के. बसू प्रकरणातच न्यायालयाने तुरुंगांबरोबर पोलीस ठाण्यांनाही अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार राज्यांनी करावा, असे सांगितले. विचार करावा म्हटले की आपल्याकडे तो बराच काळ चालतो. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात 2006 साली न्यायालयाने जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण मागितले होते. महाराष्ट्राच्या 2014 च्या दुरुस्तीने ते राज्य आणि विभाग पातळीवर दिले. कसाऱ्याच्या माणसाने तक्रार करायची तर दार कोकण विभागाचे. प्रत्येक वेळी देखरेखीची शिडी एक-दोन पायऱ्या वरच थांबली.

त्यानंतरची पायरी म्हणजे 2 डिसेंबर 2020 चा परमवीर सिंग सैनी प्रकरणातला निकाल. प्रत्येक पोलीस ठाण्यात दारापासून कोठडीपर्यंत, मागच्या आवारासकट कॅमेरे, चित्रण 18 महिने आणि कोणत्याही परिस्थितीत किमान एक वर्ष जपणे, वीज नसेल तिथे सौरऊर्जेवर व्यवस्था करणे, इतक्या बारकाईने तो लिहिला आहे. त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा समिती. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. या रचनेत पोलीस अधीक्षक स्वतःच्याच ठाण्यांची तपासणी करतात, आणि बाहेरून आलेला लोकप्रतिनिधी एकच. ठाणे जिल्हा परिषदेच्या 2017 च्या डिसेंबरात निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा ग्रामीण भागाची ती एकमेव खुर्चीही रिकामी झाली. जी देखरेख निवडणूक लांबली की आपोआप बंद पडते, तिच्यावर कुणाचा जीव सोपवायचा?

कॅमेरे आहेत ना, मग आणखी काय हवे, हा प्रश्न नेहमी येतो. कॅमेरा घटना दाखवतो, पण ती कुणीतरी पाहावी लागते. चित्रण मागायला वकील लागतो, आणि ज्याच्याकडे वकील नाही त्याच्यासाठी ते चित्रण मुदत संपताच पुसले जाते. शिवाय मारहाण कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर नेऊन करता येते, आणि नोंदवहीत काहीही लिहिता येते. सांगलीत नोव्हेंबर 2017 मध्ये लुटीच्या संशयावरून पकडलेल्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांनी तो पळून गेल्याचे सांगितले. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचे तपासात उघड झाले आणि पोलिसांवरच खुनाचा खटला भरला गेला. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये आंदोलनानंतर अटक झालेला विधी शाखेचा विद्यार्थी पोलीस कोठडीतून न्यायालयीन कोठडीत गेल्यावर दगावला. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. परभणीचे प्रकरण मला या चर्चेत विशेष महत्त्वाचे वाटते. एका खात्याच्या दारातून दुसऱ्या खात्याच्या दारात जाताना माणसाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आधीच निकालात निघालेला असता, दोन्ही दारांवर एकच तपासणी यंत्रणा असती, तर सत्य बाहेर यायला इतके महिने आणि इतकी आंदोलने लागली नसती.

दुसरा आक्षेप म्हणतो की दंडाधिकारी आरोपीला पाहतातच. पाहतात, आणि त्यांनी मारहाणीबद्दल विचारणेही अपेक्षित आहे. पण ज्या पोलिसांनी आणले त्यांच्या सोबतच परत जायचे आहे, हे ठाऊक असलेला माणूस भर न्यायालयात तोंड उघडायला कचरतो. तो फक्त कातकरी बोली सहज बोलणारा असेल तर प्रश्नही पुरता कळत नाही. न्यायालयातली ती दोन मिनिटे कोठडीतल्या रात्रीची जागा घेऊ शकत नाहीत. शीला बर्से प्रकरणात न्यायाधीशांनी कोठडीपाशी जावे, असे म्हटले गेले ते याच कारणासाठी.

तिसरा आक्षेप भायखळ्याचा दाखला देतो. जून 2017 मध्ये भायखळा महिला कारागृहात दोन अंडी आणि काही पावांच्या हिशेबावरून झालेल्या मारहाणीत एका कैदी वॉर्डनचा मृत्यू झाला, आणि कारागृहाच्याच सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. तिथे तर कारागृह खात्याचेच लोक होते, अभ्यागतांचे नियम होते. मग प्रशिक्षणाने आणि देखरेखीने काय साधले? आक्षेप गंभीर आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. प्रशिक्षण आणि तपासणी एकमेकांशिवाय लंगडी पडतात. महाराष्ट्रात तुरुंग अभ्यागतांचे नियम 1962 पासून आहेत, पण भेट कधी द्यायची हे आत आधी कळत असेल, अभ्यागताचा शेरा अधीक्षकाच्याच कपाटात राहत असेल आणि त्यावर काय केले हे कुणी विचारत नसेल, तर त्या शेऱ्याची किंमत शाईपुरती उरते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारागृहातल्या जातीवर आधारलेल्या कामवाटपाचे नियम घटनाबाह्य ठरवले, तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करावी, असेही सांगितले. झाडू कुणी मारायचा हे जातीवरून ठरवणारे नियम नियमपुस्तिकांत स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षे छापलेले राहिले, आणि ते खटकून न्यायालयात गेली ती एक पत्रकार. तपासायला जाणाऱ्यांना ते दिसत नव्हते, असे म्हणणे अवघड आहे.

बाहेरच्या जगात यावर तोडगा निघाला आहे, आणि तो महागडाही नाही. लंडनच्या ब्रिक्स्टनमधल्या 1981 च्या दंगलीनंतर लॉर्ड स्कारमन यांच्या अहवालातून पोलीस कोठड्यांना स्थानिक नागरिकांनी भेटी देण्याची पद्धत रुजली. 2002 च्या कायद्याने ती सक्तीची झाली. दोन-दोन स्वयंसेवक न सांगता, रात्री-अपरात्रीही ठाण्यात जातात, कोठडीतल्या माणसाशी बोलतात आणि अहवाल देतात. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात काउंटी तुरुंग स्थानिक शेरिफ चालवतात, पण त्यांचे किमान निकष 1975 पासून राज्याचा आयोग ठरवतो आणि तपासतो. वॉलर काउंटीच्या तुरुंगात 2015 साली एका तरुणीचा मृत्यू झाला, तेव्हा दोनच वर्षांत पहारेकऱ्यांच्या प्रशिक्षणात मानसिक आरोग्याचा भाग सक्तीचा करणारा कायदा आला. तुरुंग हा आपल्या घटनेत राज्यांच्या सूचीतला विषय आहे, पोलीसही. म्हणून महाराष्ट्राला केंद्राकडे बोट दाखवून थांबण्याचे कारण नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 साली सही केली आणि त्याला अंतिम मान्यता आजवर दिलेली नाही, ही केंद्राची उणीव आहे खरी. पण शहापूरच्या कोठडीत अभ्यागत पाठवायला त्या मान्यतेची वाट पाहावी लागत नाही.

मनुष्यबळाची अडचण मात्र खरी आहे, आणि तिला झटकून टाकू नये. 2016 ची आदर्श तुरुंग नियमपुस्तिका दर सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असावा असे म्हणते. ग्रामीण ठाण्यातला शिपाई तर दिवसभर बंदोबस्त, समन्स, अपघाताचा पंचनामा उरकून रात्री लॉकअपच्या दारावर बसतो. अशा माणसाला आणखी एक कोर्स आणि आणखी एक नोंदवही देणे हा त्याच्यावर अन्याय नाही का? मी उलट विचारतो: कोठडीत मृत्यू झाला की आधी निलंबित कोण होतो? त्या रात्री ड्युटीवर असलेला शिपाई. त्याला फिट ओळखायला शिकवले नव्हते, कुणाला फोन करायचा हे लिहून दिले नव्हते, दर अर्ध्या तासाने आत पाहून वेळ नोंदवायची पद्धत बसवली नव्हती, आणि चौकशीत मात्र त्याला हे सगळे विचारले जाते. नीट ठेवलेली नोंद आणि बाहेरच्या अभ्यागताची सही हे प्रामाणिक शिपायाचे चिलखत आहे. ज्याने काही केलेले नाही त्याला वाचवणारा कागद आज त्याच्याकडे नसतो.

‘गुन्हेगारांचे लाड कशाला’ हा सवाल गावोगावी ऐकू येतो, आणि ज्याच्या घरी चोरी झाली किंवा ज्याच्या मुलीला त्रास झाला त्याच्या तोंडून तो आला तर त्यामागचा संताप समजण्यासारखा आहे. त्याला उत्तर द्यायलाच हवे. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. इंग्रजांच्या पुरावा कायद्यात हा नियम होता आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. कोठडीतल्या मारहाणीने पीडिताची केस मजबूत होत नाही. उलट वैद्यकीय अहवालातली एक जखम आरोपीच्या वकिलाच्या हाती सापडते आणि तपास संशयात येतो. शिवाय कोठडीत आलेल्यांपैकी कोण खरा गुन्हेगार हे अजून ठरायचेच असते. चोरीच्या संशयावरून उचललेल्या मजुराला दोन दिवसांनी ‘तू नाहीस’ म्हणून सोडले, तर त्या दोन दिवसांचा हिशेब कुणी द्यायचा?

मग करायचे काय? महाराष्ट्राने डिसेंबर 2024 मध्ये नागपूर अधिवेशनात कारागृहे आणि सुधारसेवांसाठी नवे विधेयक मंजूर केले. जुना कायदा बदलायची मानसिक तयारी झाली आहे, हे यातून दिसते. त्याच इच्छाशक्तीने राज्याने गृह खात्याच्या आदेशसाखळीबाहेरचा एक तपासणी आयुक्त नेमावा. मध्यवर्ती कारागृह, जिल्हा कारागृह, तालुक्याचे दुय्यम कारागृह, पोलीस कोठडी या सगळ्या जागांत न सांगता जाण्याचा अधिकार त्याला कायद्याने असावा आणि त्याचा अहवाल थेट विधिमंडळापुढे यावा. नुसता आणखी एक आयोग, अशी भीती रास्त आहे. मुंबईत बसून चालणारा आयोग मुरबाडला पोहोचत नाही हा अनुभव जुना आहे. म्हणून खरी माणसे तालुक्यातली हवीत. तालुका विधी सेवा समिती आज आहेच, दिवाणी न्यायाधीश तिचे काम पाहतात. तिच्याकडे एक निवृत्त शिक्षक, एक निवृत्त परिचारिका, आदिवासी वस्त्यांत काम केलेला आणि कातकरी-ठाकरी बोली कळणारा एखादा कार्यकर्ता, एखादी वकील, अशी सात-आठ माणसे अभ्यागत म्हणून जोडावीत. त्यांना ओळखपत्र, प्रवास खर्च आणि रात्री दार उघडून घेण्याचा हक्क द्यावा. तपास कसा चालला आहे यात त्यांनी नाक खुपसू नये, गुन्ह्याबद्दल एक शब्दही विचारू नये. जेवण आले का, पाणी आहे का, शौचालय वापरण्याजोगे आहे का, पांघरूण मिळाले का, घरी कळवले का, वकिलाची भेट झाली का, डॉक्टरांनी शेवटचे कधी पाहिले, एवढेच पाहावे आणि लिहावे. नाव न देता त्या शेऱ्यांचा गोषवारा दर महिन्याला तहसील कचेरीच्या आणि पंचायत समितीच्या फलकावर मराठीत लागावा, आणि ठाण्याने त्यावर काय केले तेही त्याच्या शेजारी.

प्रशिक्षणासाठी नवी इमारत लागत नाही. येरवड्याच्या महाविद्यालयाने दोन आठवड्यांचा कोठडी पहाऱ्याचा अभ्यासक्रम आखावा. त्यातला कायद्याचा भाग सरकारी वकील आणि विधी सेवा समितीचे वकील शिकवू शकतात. आजाराचा भाग शहापूरच्या उपजिल्हा आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी इथेच शिकवावा, कारण सिकलसेल, सर्पदंश, दारू तुटल्यावरची फिट हे त्यांचे रोजचे रुग्ण आहेत. परीक्षा घ्यावी, दाखला तीन वर्षांपुरता द्यावा, आणि दाखला नसलेल्या कुणालाही लॉकअपच्या दारावर एकट्याने बसवू नये. हा नियम एका रात्रीत राज्यभर लागू होणार नाही. पण ठाणे ग्रामीणच्या शहापूर आणि मुरबाड विभागांत तो सहा महिन्यांत लागू करून पाहता येईल. प्रत्येक ठाण्यातले दहा-बारा शिपाई पाळीपाळीने पाठवले तरी पुरे, आणि तेवढी माणसे पंधरवडाभर सोडण्याइतकी सवड सण-निवडणुकांच्या मधल्या काळात मिळते. यासाठी विधानसभेच्या ठरावाचीही गरज नाही; पोलीस महासंचालकांचे एक परिपत्रक आणि गृह विभागाची थोडी तरतूद एवढ्यावर हे काम या वर्षीच सुरू होऊ शकते.